वाळवंटी घळीतील गरम झऱ्यांपर्यंत सुरक्षित कसे जावे?

डोंगर चढताना दमलेला माणूस अर्ध्यातून माघारी फिरू शकतो. घळीत उतरणाऱ्याला ती सोय नसते, कारण इथे उतार आधी येतो आणि चढ शेवटी, तोही गरम पाण्यात अंग सैल पडल्यावर. अमेरिकेत हूव्हर धरणाच्या खालच्या अंगाला, कोलोरॅडो नदीच्या ब्लॅक कॅन्यनमध्ये असे दोन प्रसिद्ध झरे आहेत: नेवाडाच्या बाजूला गोल्डस्ट्राइक आणि ॲरिझोनाच्या बाजूला ॲरिझोना हॉट स्प्रिंग. जाऊन-येऊन अंतर साधारण आठ-नऊ किलोमीटरच आहे, पण आखणी परतीच्या चढापासून सुरू करावी.

१. दिवस आणि वेळ ठरवावी

उष्माघाताच्या धोक्यामुळे या दोन्ही वाटा दरवर्षी १५ मे ते ३० सप्टेंबर बंद असतात. हिवाळा उत्तम, मात्र दिवस लहान असतो आणि उंच कड्यांमुळे घळीत अंधार लवकर दाटतो. आणखी एक गंमत म्हणजे हिवाळ्यात ॲरिझोनाचे घड्याळ नेवाडापेक्षा एक तास पुढे असते आणि मोबाइल ज्या बाजूचा सिग्नल पकडेल ती वेळ दाखवतो. म्हणून सूर्यास्ताचा हिशेब हातातल्या साध्या घड्याळावर करावा.

२. पाऊस पाहावा

अंदाज पाहायचा तो फक्त घळीचा नव्हे, तर तिच्यात पाणी आणणाऱ्या आसपासच्या डोंगरांचाही. डोक्यावर निरभ्र आकाश असताना लांब पडलेल्या पावसाचा लोंढा अरुंद कोरड्या पात्रातून येऊ शकतो. चालताना भिंतीकडे लक्ष द्यावे: डोक्याच्या वर कपारीत अडकलेल्या काटक्या आणि वाळलेला गाळ दिसला, तर पूर्वी पाणी कुठवर चढले होते हे कळते. गडगडाट ऐकू आला किंवा पाणी अचानक गढूळ झाले, तर सामान सोडून जवळच्या उंच जागी चढावे. पात्रातूनच धावत सुटणे ही सर्वांत घातक चूक ठरते.

३. सामान

माणशी चार लिटर पाणी, खारट खाऊ, ओआरएस, हेडलॅम्प, मोबाइलवर आधीच डाउनलोड केलेला नकाशा आणि चांगली पकड असलेले बूट. निम्मे पाणी परतीसाठी राखावे. घळीत मोबाइलला रेंज बहुधा नसते, म्हणून वाट आणि परतण्याची वेळ कुणालातरी सांगूनच निघावे.

४. उतरताना

गोल्डस्ट्राइकच्या वाटेवर खडकांच्या टप्प्यांवर दोर बांधलेले आढळतात. दोर कुणी आणि कधी बांधला हे आपल्याला ठाऊक नसते. त्यामुळे आधी झीज पाहावी, ओढून बघावे आणि तरीही सगळा भार त्यावर न टाकता पायांनी खडक धरावा. उतरण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: हाच टप्पा दमल्यावर वर चढता येईल का? उत्तर डळमळीत असेल, तर तिथूनच परतावे. ॲरिझोना हॉट स्प्रिंगपाशी सुमारे वीस फुटांची शिडी आहे आणि तिच्यावरून पाणी वाहते. तिच्यावर एका वेळी एकानेच, तोंड शिडीकडे ठेवून, हातात काही न घेता दोन्ही हातांनी शिडी धरून चढावे-उतरावे.

५. पाण्यात

उगमाजवळचे कुंड सर्वांत गरम असते, म्हणून खालच्या कुंडापासून सुरुवात करावी. पाय घालण्याआधी हाताची मागची बाजू बुडवून अंदाज घ्यावा. डोके मात्र कधीही बुडवू नये आणि पाणी नाकात जाऊ देऊ नये: अशा कोमट-गरम पाण्यात निग्लेरिया फाउलेरी हा अमिबा असू शकतो आणि तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, पण झाल्यास बहुतेक वेळा जीवघेणाच ठरतो. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन पाणी प्यावे, मद्य टाळावे. हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी पाण्याबाहेरच थांबावे. अंग तापले म्हणून शेजारच्या कोलोरॅडोत उडी मारण्याचा मोह होतो. ते पाणी धरणामागच्या जलाशयाच्या खोल थरातून येते, वर्षभर साधारण १२ अंश सेल्सिअस असते आणि ओढही जोरकस असते, तेव्हा नदीत उतरूच नये.

६. परतताना

कुंडातून निघाल्यावर उठताच चालू लागू नये, कारण रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. कोरडे मोजे घालावेत, काही खावे आणि गटातील सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावे. वर पोहोचून रेंज मिळाली की, निघताना ज्याला सांगितले होते त्याला पहिला फोन करावा. नाहीतर तो बिचारा इकडे ९११ ला, म्हणजे अमेरिकेतल्या आपत्कालीन क्रमांकाला, कळवून मोकळा झालेला असेल.