मुलांना हातशिलाई शिकवताना या चुका टाळा

मूल सुई-दोरा बाजूला टाकून "मला नाही जमत" म्हणतं, तेव्हा खोट बहुतेक वेळा मुलात नसते. त्याला दिलेल्या सुईत, कापडात किंवा दोऱ्यात असते. पहिल्याच बैठकीत दोरा पाच-सहा वेळा गुंतला की मोठ्या माणसाचाही धीर सुटतो. मी घरातल्या आणि शेजारच्या मुलांना हातशिलाई शिकवते. अडचणी फिरून फिरून त्याच येतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा दोन मिनिटांत सुटतात.

हातभर दोरा पुरत असताना वाव-दोन वाव (दोन्ही हात पसरून होतो तेवढा) घेणे

सगळ्यात जास्त रडारड याच चुकीमुळे होते. सुई सारखी ओवायला नको म्हणून मुलं लांबच लांब दोरा घेतात आणि आपणही घेऊ देतो. पण लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून पूर्ण ओढावा लागतो. त्यात तो घासतो, पिळ खातो आणि पिळाचा वेटोळा झाला की गाठ बसते. माप सोपं आहे: मुलाने हात एकदा लांब केला की दोरा कापडातून पूर्ण बाहेर यायला हवा. सात-आठ वर्षांच्या मुलाला साधारण 45 सेंटिमीटर पुरतो. सुई सारखी निसटत असेल तर 90 सेंटिमीटर दोरा कापून दुहेरी करा आणि दोन्ही टोकांना मिळून एक गाठ मारा.

दोरा पिळलेला दिसला तर कापड उचलून धरायचं आणि सुई मोकळी लोंबकळू द्यायची. ती आपोआप गरगर फिरते आणि पिळ उलगडतो. मुलांना हे बघायला फार आवडतं, म्हणून दर दहा-बारा टाक्यांनी करायला सांगा. गाठ पडलीच तर आधी ओढणं थांबवायचं. बहुतेक वेळा ती गाठ नसतेच, नुसता फास असतो. त्यात सुईचं टोक घालून हलकेच सैल केलं की सुटतो. ओढला की मात्र त्याची खरोखरची गाठ होते.

सुई ओवता येत नसेल तर दोरा तिच्या नाकात, म्हणजे भोकात, ढकलत बसू नका. दोऱ्याचं टोक तिरकं कापायचं, अंगठा आणि तर्जनीत असं घट्ट धरायचं की जेमतेम एक ठिपका दिसेल, आणि मग सुईचं नाक त्यावर आणायचं.

लहान मूल म्हणून लहान सुई देणे

बारीक सुई छोट्या बोटांत धरताच येत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मोठ्या नाकाची, बोथट टोकाची जाड सुई द्या आणि तिच्यासोबत विरळ विणीचं कापड. बोथट सुई आणि घट्ट विणीचं कापड ही जोडी मात्र वाईट. सुई आत जात नाही, मूल जोर लावतं, ती एकदम आरपार निसटते आणि नेमकी खालच्या बोटात घुसते. घट्ट सुती कापड शिवायचं असेल तर टोकदार सुईच हवी, फक्त लांब आणि मोठ्या नाकाची.

हाताला येईल ते कापड देणे

सॅटिनसारखं गुळगुळीत कापड सरकतं आणि जुना टीशर्ट ताणला जातो, त्यामुळे दोन्ही सुरुवातीला नकोत. मध्यम जाडीचं सुती कापड किंवा फेल्ट (न विणता तंतू दाबून केलेलं जाडसर कापड) घ्या. फेल्टच्या कडा सुटत नाहीत, त्यामुळे दुमडायचं काम वाचतं. माझं आवडतं कापड बारीक चौकडीचं. रेघ आखायला नको, टाका मोजायला नको: एका चौकटीत सुई खाली, पुढच्या चौकटीत वर. धावदोरा सरळ आणि सारखा येतो, आणि तो आपल्या हातून आलाय हे मुलाला दिसतं.

कडेच्या अगदी जवळ टाके घालणं ही याच्याच जोडीची चूक. धागे सुटतात आणि शिवण उघडते. कडेपासून 1 सेंटिमीटर आत खडूने रेघ मारून द्या.

प्रत्येक टाका करकचून ओढणे

शिवण चुण्या पडून गोळा होते ती यामुळे. चार-पाच टाके झाले की शिवण दोन्ही टोकांना धरून बोटांनी सपाट करायची. शेवटची गाठ मारण्याआधी हे केलं तर काही उसवावं लागत नाही. पिशवीसारख्या ताण येणाऱ्या वस्तूला धावदोरा पुरत नाही, तिथे उलटी टीप घाला, म्हणजे प्रत्येक टाका आधी मागे घेऊन मग पुढे जा.

ठिगळ लावताना होणारे घोटाळे

माझ्या भाचीने आठव्या वर्षी स्वतःच्या पायजम्याच्या गुडघ्याला ठिगळ लावलं. टाके देखणे होते. पायजमा चढवायला गेली तर पाय गुडघ्याशीच अडला, कारण पुढच्या कापडाबरोबर मागचंही शिवलं गेलं होतं. तिचे डोळे भरून आले. तेव्हापासून मी शिवण्याआधी पायजम्याच्या पायात किंवा बाहीत जाड पुठ्ठा सरकवायला लावते. सुई पुठ्ठ्याला टेकली की वर घ्यायची. मोज्याला भोक असेल तर आत चेंडू घाला.

ठिगळ भोकाएवढंच कापू नका. भोकाभोवतीचं कापडही विरलेलं असतं आणि टाके तिथे धरत नाहीत. चारी बाजूंनी धड कापडावर निदान 2 सेंटिमीटर जाईल एवढं ठिगळ घ्या. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरे आधी उचकटतात. नवं सुती कापड वापरणार असाल तर ते आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ठिगळ आटतं आणि भोवती चुण्या पडतात. ताणणाऱ्या कपड्याला ताणणारंच ठिगळ हवं. तिथे सरळ टाके गुडघा वाकवला की तटकन तुटतात, म्हणून एकमेकांवरून जाणारे तिरपे टाके घाला.

बटण कापडाला चिकटवून शिवणे

अशा बटणावर काज बसत नाही. बटणाच्या वर एक काडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घ्या, मग काडी काढा, बटण वर ओढा आणि खालच्या मोकळ्या दोऱ्याभोवती दोराच चार-पाच वेळा गुंडाळून गाठ मारा. धाकट्या भावंडासाठी बाहुली करत असाल तर बटणांचे डोळे नकोतच. तीन वर्षांच्या आतलं मूल ते तोंडात घालतं आणि बटण घशात अडकू शकतं. डोळे दोऱ्याने भरा.

सुया न मोजणे

बसताना मोजायच्या, उठताना मोजायच्या. म्हणूनच पहिली वस्तू मी नेहमी सुया-टाचण्या खोचायची छोटी गादी करून घेते. दोन चौकोन, तीन बाजू शिवायच्या, उलटून भरायचं, चौथी बाजू बंद. एका बैठकीत होते आणि पुढे रोज वापरात राहते. बाहुलीचा बाह्यांचा झगा हा पहिल्या आठवड्याचा उद्योग नव्हे.

शेजारी बसून डावखुऱ्या मुलाला शिकवणे

तुम्ही उजव्या हाताने शिवत असाल तर डावखुऱ्या मुलाच्या समोर बसा. आरशातल्यासारखं बघून त्याला तुमच्या हालचाली जशाच्या तशा उचलता येतात. ते डावीकडून उजवीकडे शिवेल, तेच बरोबर आहे.

मूल झोपल्यावर टाके नीट करणे

याबद्दल मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं: करू नका. सकाळी मुलाला आपले टाके ओळखू येतात, आणि ते आपले नाहीत हेही कळतं. शिवण सुटेल अशी भीती असेल तर त्याच्यादेखत, त्याला विचारून, आतल्या बाजूने तुमची एक ओळ घाला. वरची वाकडी ओळ त्याचीच राहू द्या. आणि त्याला स्वतःला उसवायचं असेल तर सुईच्या नाकाकडच्या बाजूने एकेक टाका उचलायला दाखवा, टोकाने उचलला की दोरा चिरतो.