आगोटीआधी करून घ्यायचं काम: दोन्ही पीजीबाउन्सरची सेटिंग एकसारखी कशी ठेवायची

मे महिन्यात वळीव सुरू झाला की आमच्याकडे रत्नागिरीत लाईटचा काही भरवसा नसतो. म्हणून मी ज्या पतसंस्थेची सिस्टिम बघतो तिथे पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पुढे दोन मशीन लावलीत, दोन्हीवर पीजीबाउन्सर (अॅपची कनेक्शन गोळा करून डेटाबेसला मोजकीच जोडणारा प्रोग्रॅम), आणि कीपअलाइव्हड नावाचा प्रोग्रॅम एकच व्हर्च्युअल आयपी, म्हणजे कुठल्याही एका मशीनला न बांधलेला पत्ता, त्या दोघांत फिरवतो. अॅपला फक्त तो आयपी माहीत. एक मशीन गेलं की दुसरं दर सेकंदाला येणारा निरोप तीनदा चुकल्यावर आयपी स्वतःकडे घेतं, म्हणजे तीन-चार सेकंदांचा खेळ.

पण एकदा पहिलं मशीन यूपीएससकट बसलं, आयपी बरोबर दुसऱ्यावर गेला आणि तरी काउंटरवर एक पासबुक भरून निघेना. कॅशिअर ताईंचा फोन, "दादा, दोन मशीन आहेत म्हणालात ना, मग हे काय झालं?" झालं असं की मधे अॅपच्या युजरचा पासवर्ड बदलला होता तो फक्त पहिल्या मशीनवर, दुसऱ्यावरची फाईल तीन महिने जुनी. मुंबईला जाताना चावी शेजारच्या काकूंकडे दिली, पुढे गणपतीत येऊन कुलूप बदललं आणि नवी चावी द्यायची राहिली, तसंच ते. तेव्हापासून मला वाटतं की आयपी फिरवणं हे सोपं काम आहे, खरं काम दोन्हीकडची सेटिंग एक ठेवण्याचं आहे.

आधी सेटिंग वेगळी करा. डेटाबेसची यादी, पूल मोड (क्लायंटकडून कनेक्शन कधी परत घ्यायचं), पूल साईज (डेटाबेसकडे किती कनेक्शन उघडायची), युजर-पासवर्डची फाईल हे दोन्हीकडे अक्षरशः सारखं पाहिजे. ऐकायचा पत्ता, नेटवर्क कार्डाचं नाव, कीपअलाइव्हडची प्रायॉरिटी हे प्रत्येक मशीनचं आपापलं, ते कॉपी केलंत तर गोंधळ. पीजीबाउन्सरमध्ये पर्सेंट चिन्ह लावून इन्क्लूड लिहिता येतं, तर मुख्य फाईल छोटी आणि त्या मशीनची ठेवायची आणि सामाईक भाग वेगळ्या फाईलीत टाकून तिथून ओढायचा, फक्त पूर्ण पाथ द्या नाहीतर कुठल्या फोल्डरमधून चालू केलंय त्यावर ते अवलंबून राहतं.

ही सामाईक फाईल दोघांनी एकाच नेटवर्क डिस्कवरून वाचावी असं बरेच जण सुचवतात, मी ते करणार नाही, कारण मग ती डिस्क पडली की दोन्ही मशीन एकदम अडतात. गिटमध्ये (फाईलींचे बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्रॅम) एक मूळ प्रत ठेवा आणि तिथून दोन्हीकडे आरसिंक या फाईली पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने पाठवा. आरसिंक आधी तात्पुरती फाईल लिहितं आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलतं, त्यामुळे मधेच लाईट गेली तरी अर्धवट फाईल जागेवर येत नाही. पासवर्ड मात्र गिटमध्ये उघडे ठेवू नका.

पासवर्डाचं तर त्याहून बरं करता येतं. स्क्रॅम ही पासवर्ड तपासायची पद्धत वापरत असाल तर युजर फाईलमधला सिक्रेट (पासवर्डापासून बनवलेली खूण) पोस्टग्रेसमधल्या सिक्रेटशी तंतोतंत जुळावा लागतो, तोच पासवर्ड परत सेट केला तरी सॉल्ट, म्हणजे त्यात मिसळलेले कुठलेही आकडे-अक्षरं, बदलतो आणि जुनी प्रत बाद होते. म्हणून ऑथ क्वेरी लावा, मग पीजीबाउन्सर युजरची माहिती थेट डेटाबेसला विचारतो आणि फाईलीत फक्त ती विचारणा करणारा एक युजर उरतो. आमची ती तीन महिन्यांची चूक यानंतर होऊच शकली नसती.

आता दोन गोष्टी ज्या फाईली सारख्या असूनही घात करतात. पहिली, दुसरं मशीन डेटाबेसकडे जातं ते सहसा स्वतःच्या आयपीने, व्हर्च्युअल आयपीने नाही, तेव्हा पोस्टग्रेसच्या एचबीए फाईलीत (कुठून कोणाला जोडू द्यायचं ती यादी) दोन्ही मशीनचे खरे आयपी पाहिजेत. दुसरी, कनेक्शनचा हिशोब. पूल साईज दर डेटाबेस आणि युजरच्या जोडीला असते, मुळात २०. चार डेटाबेस, प्रत्येकाला एक युजर, म्हणजे एका मशीनची ८०, आणि पोस्टग्रेसची मर्यादा मुळात १००, त्यातली ३ सुपरयुजरला राखीव. फेलओव्हरच्या, म्हणजे आयपी दुसरीकडे जाण्याच्या, वेळी पहिल्या मशीनची जुनी कनेक्शन डेटाबेसवर अजून लटकलेली असू शकतात, त्यात दुसऱ्याची ८० मागितली तर १६०, कशी मावणार? साईज १२ केली की दोन्हीची मिळून ९६, बसतात.

फाईल बदलली की आधी जे मशीन रिकामं बसलंय त्यावर पाठवा, पीजीबाउन्सरच्या अॅडमिन कन्सोलवर रीलोड द्या, मग व्हर्च्युअल आयपी न वापरता त्या मशीनच्या स्वतःच्या आयपीवर ६४३२ पोर्टला अॅपच्याच युजरने लॉगिन करून एक सिलेक्ट चालवून बघा, जमलं तरच चालू मशीनकडे वळा. पोर्ट किंवा ऐकायचा पत्ता रीलोडने बदलत नाही, त्याला रीस्टार्टच. शेवटी दोन्हीकडे सामाईक फाईलचा चेकसम (मजकुरावरून निघणारी ओळखखूण) काढा आणि कन्सोलवर शो डेटाबेसेस चालवून जुळवा, कारण फाईल नवी पण चालू प्रोसेस जुनी हे नेहमी होतं.

कीपअलाइव्हडमध्ये दोन्ही मशीन बॅकअप स्टेटला ठेवून नोप्रीएम्प्ट (परत आलेल्या मशीनने आयपी हिसकावून घेऊ नये अशी सेटिंग) लावा, नाहीतर लाईट ये-जा करत असताना आयपीही तसाच ये-जा करतो आणि दर वेळी चालू कनेक्शन तुटतात. तपासणीची स्क्रिप्ट पीजीबाउन्सरच्या कन्सोललाच विचारणारी ठेवा, कारण ती डेटाबेसपर्यंत गेली आणि डेटाबेस बंद असला तर दोन्ही मशीन स्वतःला नापास समजतात.

१ जूनला मासेमारी बंद होते, त्याच सुमाराला बंदरावर होड्या वर ओढून झापांनी शाकारायचं काम चालतं, मी त्याआधीचा शनिवार धरतो. काउंटर बंद झाल्यावर पहिल्या मशीनवरचा कीपअलाइव्हड थांबवायचा, आयपी गेला का बघायचं, अॅप आपोआप परत जोडतंय का बघायचं आणि मग कीपअलाइव्हड चालू करून आयपी मात्र परत आणायचा नाही. आठवडाभर रोजचा भरणा, कर्जाचे हप्ते, सगळं दुसऱ्या मशीनवरूनच चालू द्यायचं. एखादी सेटिंग राहिली असेल तर सोमवारी दुपारपर्यंत ताईंचा फोन येतो, आणि तेव्हा पहिलं मशीन धडधाकट शेजारी उभं असतं.