अनोळखी वेल ओळखायची तर पान शेवटी बघा

बागेत न लावलेली वेल चढली की लोक तिचं एक पान तोडतात, फोटो काढतात आणि मला विचारतात, "ताई, ही कसली वेल?" पान बहुतेक वेळा हृदयाच्या आकाराचं असतं. तसं पान गुळवेलीला असतं, मॉर्निंग ग्लोरीला, नागवेलीला, कारंद्याला, मनी प्लांटला आणि उतरणीलाही असतं. एवढ्यावरून नाव सांगणं म्हणजे अंदाज ठोकणं, आणि औषधी म्हणून वेली घरात आणणाऱ्यांच्या बाबतीत असा अंदाज मला धोक्याचा वाटतो.

म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला: ही चढते कशी? ऊन, पाणी, वय यांप्रमाणे पान लहानमोठं होतं, कधी आकारही बदलतं. चढायची रीत मात्र सहसा बदलत नाही.

वेलीच्या कोवळ्या शेंड्यापासून हातभर खाली या आणि आधाराला नेमकं कोण धरतंय ते बघा. तणावे, म्हणजे आधाराला विळखा घालणारे दोऱ्यासारखे अवयव, असतील तर तुमचं निम्मं काम झालं, कारण तणावा कुठून फुटतो यावरून बऱ्याचदा कुळापर्यंत पोचता येतं. पानाच्या देठाशेजारून, जरा बाजूला फुटलेला आणि स्प्रिंगसारखा गुंडाळलेला तणावा दिसला तर ती काकडी, कारलं, तोंडली यांच्या कुळातली समजा. तणावा पानाच्या बरोबर समोर, पेराच्या (खोडावर पान फुटतं त्या जागेच्या) दुसऱ्या बाजूला असेल तर द्राक्षाचं कुळ. पानाच्या बगलेतून (देठ आणि खोड यांच्यामधल्या कोपऱ्यातून) एकच, फाटे नसलेला तणावा आला तर कृष्णकमळ आठवा. देठाच्या तळाशी दोन्ही बाजूंना तणाव्यांची जोडी असेल तर घोटवेल. वाटाण्यात संयुक्त पानाच्या (एका देठावर अनेक छोटी पानं, म्हणजे पर्णिका, असलेल्या पानाच्या) शेंड्याचे तणावे होतात, कळलावीत साध्या पानाचं टोकच लांबून वळतं. कपाळफोडी आणि आइसक्रीम वेल यांचे तणावे फुलोऱ्यात असतात, त्यामुळे फुलं येईपर्यंत ते नजरेतून सुटतात. मोरवेलीला वेगळा तणावा नसतोच, पानाचा देठच काडीला वळसा घालतो. हे शेवटचं मला फार आवडतं, आणि एकदा बघितलं की विसरत नाही.

पेरांवरच्या मुळांनी चिकटून चढणाऱ्या म्हणजे मनी प्लांट, नागवेल, मिरी, आयव्ही. बोगनवेल काट्यांनी अडकत वर जाते. पानंच नसलेले पिवळे दोरे झाडावर पसरले असतील तर ती बहुधा अमरवेल, तिथे फार डोकं लावायला नको.

उरल्या त्या स्वतःचं खोड आधाराभोवती गुंडाळणाऱ्या वेली. खरी गफलत यांच्यातच होते. आधी समोर उभं राहून वळण्याची दिशा बघा. बहुतेक वेली आपल्या डाव्या हाताच्या खालच्या बाजूकडून उजव्या हाताच्या वरच्या बाजूला जाताना दिसतात. उलटी जाणारी सापडली तर ती नोंद मोलाची. कारंदा आणि कोनफळ हे एकाच कुळातले, पण एकमेकांच्या विरुद्ध दिशेने वळतात. शिवाय कोनफळाचं खोड चौकोनी आणि कडांना पंखासारखी पाती असलेलं असतं, कारंद्याचं गोल.

मग पेर बघा: एका पेरावर एक पान की समोरासमोर दोन? आणि हातमोजा घालून देठाला हलकी चीर द्या. दोन पानं समोरासमोर आणि पांढरा चीक असेल तर रुईच्या कुळाकडे वळा: उतरण, हरणदोडी, अनंतमूळ. पानं एकाआड एक आणि चीक पांढरा असेल तर मॉर्निंग ग्लोरीचं कुळ तपासा.

आमच्या जास्वंदीवर चढलेली वेल मी अशीच ओळखली. तणावे नाहीत, खोडच गुंडाळलेलं, पानं समोरासमोर, चीक पांढरा, अंगावर मऊ लव, पान चुरडलं की उग्र वास. फुलं यायच्या आधीच उतरणीचा संशय पक्का झाला होता. पुढे मऊ काट्यांची जोडफळं लागली आणि प्रश्न मिटला.

चीक नाही आणि पान हृदयाकृती, तेव्हा गुळवेल मनात येते. तिच्या पानाचा देठ दोन्ही टोकांना फुगीर असतो, जुन्या खोडावर पुटकुळ्यांसारखे उंचवटे असतात, वरची साल कागदासारखी सुटते आणि फांद्यांवरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. खोड आडवं कापलं तर आत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. या खुणा एकत्र दिसल्याशिवाय मी गुळवेल म्हणत नाही. कारंद्याच्या पानात ठळक शिरा तळापासून निघून कमानीसारख्या टोकाकडे जातात, आणि बगलेत बटाट्यासारखे कंद लागतात.

पानाची पाळी आता. पण कोवळं आणि जुनं अशी दोन्ही पानं बघा. भिंतीवर चढणाऱ्या आयव्हीची पानं खाचांची असतात, फुलावर आलेल्या फांदीची बिनखाचांची. नुसती पानं बघणारा त्या दोन वेगळ्या वेली समजेल.

मोबाइलवरच्या ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपचा मी इशारा म्हणून उपयोग करते, निकाल म्हणून नाही. त्यांना पूर्ण वेल, पेराचा जवळून फोटो, पानाची मागची बाजू, तणावा, फूल बाजूने आणि फळ असं सगळं दाखवा. फूल नसेल तर एक फांदी काठीला बांधून वाढू द्या, बाकीची छाटा.

चव मात्र अजिबात घेऊ नका. काकडीच्या कुळातल्या रानटी वेलींची कडू फळं विषारी असू शकतात. गुंजेचं लाल-काळं बी चावलं गेलं तर जिवावर बेतू शकतं, कळलावीचे सगळेच भाग विषारी असतात. तीन पर्णिकांचं पान आणि तपकिरी केसाळ शेंगा दिसल्या तर हातच लावू नका, ती खाजकुइली असू शकते.

ओळख पटली आणि वेल नको असेल, तर उपटण्याआधी पानांखाली अळ्या बघून घ्या. रुईच्या कुळातल्या वेलींवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी असेल तर ती बिबळ्या कडवा फुलपाखराची असू शकते, ती कोषात जाईपर्यंत थांबा. कारंदा असेल तर खाली पडलेले कंद वेचा, नाहीतर तो परत उगवेल. अमरवेलीचा तुकडा झाडावर राहिला तरी ती पुन्हा पसरते, म्हणून तिने वेढलेली फांदी सगळीच कापा.