बुंदीचं गवत आणि माझी दोनशे पानी वही

तळजईवर सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी निदान चौघांनी मला थांबवून सांगितलंय, "अहो, तुमच्या कुत्रीचं पोट बिघडलंय. गवत खातेय बघा." पुण्यात सल्ला मागावा लागत नाही. पहिल्यांदा मी घाबरलो, दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे गेलो, तिसऱ्यांदा नुसतं "हो का" म्हणालो. चौथ्या गृहस्थांना मी वहीच वाचून दाखवली. त्यानंतर ते दुसऱ्या वाटेने जातात.

वहीचं असं झालं. मी एका सहकारी बँकेत ३१ वर्षं हिशेब लिहिले. निवृत्त झालो त्याच वर्षी मुलीने बुंदीला आमच्या गळ्यात घातलं आणि ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली. बुंदी गावठी, तांबूस पिवळी, १८ किलोची. डॉक्टरांनी विचारलं, "आठवड्यातून किती वेळा गवत खाते? खाण्याआधी मलूल असते का? नंतर उलटी होते का?" मला एकाचंही उत्तर देता येईना. जन्मभर लोकांना "व्हाउचर कुठाय?" विचारणारा मी! घरी आलो आणि वही काढली.

तुम्हीही आधी हेच करा. चार रकाने आखा: वेळ, शेवटचं खाणं कधी झालं होतं, गवत कुठलं आणि कसं खाल्लं, नंतर काय झालं. पंधरा दिवस पुरतात. मी ४३ दिवस लिहिलं, कारण सवय. त्यात गवत खाल्ल्याच्या ३१ नोंदी, आणि उलट्या फक्त चार. चारही सकाळी फिरायला गेल्यावर, आणि चारही वेळा आदल्या रात्रीचं जेवण सातलाच उरकलेलं.

गवत खाल्लं म्हणजे पोट बिघडलं, हा समज माझ्या चार नोंदींआधीच मोडीत निघालेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी कुत्रे पाळणाऱ्यांकडून माहिती गोळा करून ती २००८ मध्ये छापली. १,५७१ जणांच्या उत्तरांत ६८ टक्के कुत्री रोज किंवा आठवड्यातून एकदा तरी गवत-पाला खाणारी निघाली. खाण्याआधी आजारी वाटणारी होती जेमतेम ८ टक्के, आणि खाल्ल्यावर नेहमी उलटी करणारी २२ टक्के. तरुण कुत्री म्हाताऱ्यांपेक्षा जास्त गवत खातात, हेही त्यातच दिसलं. लांडग्यांच्या विष्ठेतही गवत सापडतं. या पशुवैद्यकांचा तर्क असा, की न पचणारं गवत आतड्यातले जंत गुरफटून बाहेर ढकलत असावं आणि ती जुनी खोड कुत्र्यांत उरली असावी. मला हा तर्क पटतो. पण म्हणून जंताच्या गोळ्या चुकवू नका. गवत ही काही गोळी नव्हे. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तिसऱ्या रकान्यातला 'कसं' हा शब्द फार महत्त्वाचा. बुंदी मजेत असते तेव्हा हुंगत हुंगत जाते, कोवळं पातं निवडते, बाजूच्या दाढांनी चावते आणि पुढे चालू लागते. हे आपलं बडीशेप चघळणं झालं. मळमळत असलं की चित्र वेगळं. जिभल्या चाटते, लाळ गाळते, मान खाली घालून मिळेल ते लांब पातं न चावता गिळते. हाक मारली तरी वर बघत नाही. असं झालं की मी तिला ओढत नाही. थांबतो, ओकू देतो, काय बाहेर आलं ते बघतो आणि घरी येऊन लिहितो.

आमच्या चारही उलट्यांत पिवळा फेस होता. डॉक्टर म्हणाले, "पित्त आहे. पोट बारा तास रिकामं ठेवू नका." म्हणून दोन वेळच्या खाण्याचे तीन भाग केले. माप तेवढंच, फक्त वाटण्या वाढल्या. रात्री दहाला अर्धी भाकरी आणि सकाळी निघण्याआधी एक बिस्किटाएवढा तुकडा. भरपेट घालून पळवू नका. मोठ्या, खोल छातीच्या जातींना पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. हा बदल केल्यावर पुढच्या दोन महिन्यांत पिवळ्या फेसाची एकच नोंद आहे, आणि त्या रात्री आम्ही लग्नाहून उशिरा आलो होतो.

दुसरं, खाण्यातला चोथा. आमच्याकडे कुत्र्याला दूध-पोळी किंवा दहीभात देऊन जबाबदारी संपवायची पद्धत आहे. माझ्या आईनेही तेच केलं असतं. पण त्यात चोथा कमी आणि प्रथिनं अपुरी. ११ वर्षांच्या एका छोट्या पूडल कुत्र्याची गोष्ट पशुवैद्यकीय नियतकालिकात आलेली आहे: सात वर्षं रोज झाडंझुडपं खाऊन ओकायचा, जास्त चोथ्याचं खाणं सुरू केल्यावर तीन दिवसांत थांबला. एका कुत्र्यावरून नियम करू नये, पण लाल भोपळा स्वस्त आहे. साल-बिया काढून नुसता वाफवलेला, बुंदीएवढ्या कुत्र्याला दोन चमचे, किंवा उकडलेली फरसबी. फोडणी नको, मीठ नको. कांदा-लसूण, द्राक्षं आणि मनुका तर अजिबातच नकोत, प्रसादाच्या शिऱ्यातली मनुकासुद्धा.

आता खरी भीती. ती गवताची नाही, गवतावर काय पडलंय त्याची. एका सोसायटीच्या कुंपणालगत (नाव लिहीत नाही, रोज तिथूनच जावं लागतं) माळ्याने तणनाशक मारलं होतं आणि पाटी लावली नव्हती. बुंदीने दोन घास घेतले. दुपारपर्यंत तोंडातून तार सुटली, रात्री सलाइन. आमच्या हिने मिठाचं पाणी पाजायला पेला भरला होता, तो डॉक्टरांनी फोनवरच थांबवला. कुत्र्याला मिठाच्या पाण्याने ओकवू नका, मीठच अंगाशी येतं. त्याऐवजी तोंड आणि पंजे साध्या पाण्याने धुवा, औषधाच्या बाटलीवरच्या नावाचा फोटो काढा आणि तडक दवाखाना गाठा. मी तेव्हापासून माळीदादांशी चहाचे संबंध ठेवलेत. फवारणीच्या आदल्या दिवशी फोन येतो.

झाडांपैकी कण्हेर लक्षात ठेवा, लाल आणि पिवळी दोन्ही. रस्त्यांच्या दुभाजकांवर ती हौसेने लावतात आणि तिचं विष थेट हृदयावर जातं. घाणेरी आणि धोत्राही नको. टेकड्यांवर जिकडेतिकडे ग्लिरिसिडिया आहे. त्याला उंदीरमारी म्हणतात, यातच सगळं आलं. बुंदीची आवड हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा. ती निरुपद्रवी, पण जिथे भटकी कुत्री घाण करतात तिथली नको. जंतांची अंडी तिथूनच येतात.

पावसाळा संपला की टेकडीवर कुसळं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळी गवत वाळतं आणि त्याचं टोक केसात, पायाच्या बोटांमध्ये, कानात शिरतं. त्याची शेपटी वाळली की पिळते, दमट झाली की उलगडते, आणि टोकाच्या उलट्या केसांमुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. म्हणून त्या दिवसांत उंच गवतात सोडायचं नाही. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कान चाचपायचे. सारखी शिंकायला लागली किंवा डोकं एका बाजूला झटकू लागली तर चिमट्याने उकरत बसू नका, दवाखान्यात न्या. गोचिड्या त्याच वेळी शोधून होतात.

'सोड' हा शब्द मात्र शिकवलाच पाहिजे. मुठीत खाऊ धरा. ती हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. मूठ उघडू नका. क्षणभर तोंड मागे घेतलं की "सोड" म्हणा आणि दुसऱ्या हातातला जास्त चांगला खाऊ द्या. घरात जमलं की अंगणात, मग रस्त्यावर. आम्हाला तीन आठवडे लागले आणि बरंच उकडलेलं चिकन. तोंडात बोटं घालून गवत ओढलंत तर कुत्रं ते घाईने गिळायला शिकतं. आणखी एक, थोडं लाजिरवाणं: कधी शी करताना लांब पातं अर्धंच बाहेर येतं आणि कुत्रं गोल गोल फिरतं. ओढू नका. थोडं चालवलं की बहुधा आपोआप पडतं. दोरा किंवा मांजा असेल तर अजिबातच ओढू नका, आत आतडं चिरू शकतं, तडक डॉक्टर.

वही बाजूला ठेवून थेट दवाखान्यात कधी जायचं? दिवसात दोन-तीनपेक्षा जास्त उलट्या, रक्त, काळी शी, दिवसभर अन्नाला तोंड न लावणं. एरवी न खाणाऱ्या कुत्र्याने अचानक अधाशासारखं गवत खाणं. आणि सगळ्यात तातडीचं: पोट फुगलंय, ओकायला बघतंय आणि काहीच येत नाही. तेव्हा सकाळची वाट बघू नका.

गवत पूर्ण बंद करायच्या फंदात मी पडलो नाही. गेल्या नवरात्रात हिने घटाभोवती गहू पेरले होते. सातव्या माळेला बघतो तर अर्धं धान कुरतडलेलं आणि बुंदी देवघरासमोर साळसूद बसलेली. घरात दोन दिवस अबोला होता, माझ्याशी. पण कल्पना तिथूनच सुचली. आता गॅलरीत पसरट कुंडीत गहू असतात: रात्रभर भिजवायचे, मातीवर दाट पसरायचे, वर मातीचा पातळ थर, रोज पाणी शिंपडायचं. आठ-दहा दिवसांत वीतभर होतात. गहू डब्यातले, दळणाचेच घ्या. बियाण्याच्या दुकानातल्यांना औषध चोळलेलं असतं. दोन कुंड्या आठवड्याच्या अंतराने पेरल्या की खंड पडत नाही. फिरायला जाण्याआधी तिथे पाच मिनिटं चरू दिलं की टेकडीवर तिचं लक्ष खारींकडे जास्त आणि हरळीकडे कमी असतं.

यंदाच्या नवरात्रात घटासमोर आडवी खुर्ची लावायची, असं हिने वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय.