शनिवारी अर्चिन आणायचाय, त्याआधीची तयारी

शनिवारी माझ्या खाऱ्या पाण्याच्या फिश टँकसाठी दुसरा सी अर्चिन, म्हणजे काटेरी चेंडूसारखा समुद्री प्राणी, आणतोय. पहिला पाच दिवसांत गेला आणि तो माझ्याच हाताने गेला, म्हणून या वेळी निघायच्या आधी सगळं लिहून काढतोय. लिहितोच आहे तर तुम्हालाही उपयोग होईल. बाकीचं कोणी शेवटपर्यंत वाचेल न वाचेल, म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो: दुकानातून अर्चिन ज्या पिशवीत मिळतो, त्या पिशवीतल्या पाण्याची सॅलिनिटी (खारटपणा) मोजा. टँकची नाही हो, टँकची सगळेच मोजतात. पिशवीतल्या पाण्याची.

आता टँक. लाइट, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप), आरओचं पाणी हे असेलच, नसेल तर अर्चिनचा विषयच सोडा. टँक किमान सहा महिने चाललेला पाहिजे आणि याचं कारण सायकल (घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये तयार होणं) वगैरे नाही, ते तर झालेलंच असणार, खरं कारण अन्न. हा प्राणी चोवीस तास दगड खरवडत असतो, तोंड खालच्या बाजूला, पाच दात, त्या सगळ्या जबड्याला ॲरिस्टॉटलचा कंदील म्हणतात, आणि तो फिरून गेला की दगडावर चांदणीसारखे ओरखडे दिसतात. नव्या पांढऱ्याफेक दगडावर तो काय खाणार? शेवाळ असलं तरच आणा. शेवाळ खाण्यात याच्या तोडीचं काही नाही. 1983 साली कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांचे डायडेमा जातीचे अर्चिन रोगाने मेले, पनामाजवळ सुरुवात झाली आणि वर्षभरात बहुतेक ठिकाणी नव्वद टक्क्यांच्या वर साफ झाले, त्यानंतर जमैकाच्या रीफवर (प्रवाळखडकांवर) शेवाळ इतकं माजलं की कोरल (प्रवाळ) गुदमरली. समुद्रात हे हाल, मग आपल्या तीन फुटी टँकमधली हेअर अल्गी (केसांसारखं शेवाळ) म्हणजे त्याला नाश्ता. एक तोटा आहे, तो जांभळी कोरलाइनही (दगडावर चढणारं कडक शेवाळ) खातो. ज्यांनी दोन वर्षं जपून दगड जांभळे केलेत त्यांनी विचार करा, मग माझ्या नावाने ओरडू नका.

कुठला आणायचा यावर जरा वेळ घालवा, कारण दुकानात "अर्चिन आहे साहेब" एवढंच सांगतात. टक्सीडो घ्या. काट्यांच्या मध्ये निळ्या मखमलीसारखे पट्टे असतात, पाच-सात सेंटीमीटरच्या पुढे फारसा वाढत नाही, शंभर-सव्वाशे लिटरच्या टँकमध्ये एक राहतो. एकच. दोन ठेवले तर शेवाळ संपलं की दोघेही उपाशी. काळा लांब काट्यांचा डायडेमा दिसायला जबरदस्त, अंदमानात स्नॉर्केलिंग करताना खाली दिसले होते आणि मी पाय वर घेऊन पोहत होतो, पण त्याचे काटे तीस सेंटीमीटरपर्यंत जातात, सावली पडली की तिकडे रोखतो, आणि तुम्ही दर आठवड्याला काच पुसायला हात घालणार आहात हे विसरू नका. मोठा टँक असेल तरच. पेन्सिल अर्चिनचे जाड काटे सुंदर असतात पण तो शाकाहारी नाही, स्पंज आणि कोरलचे लचकेही तोडतो. ट्रिपन्यूस्टेस पंधरा सेंटीमीटरपर्यंत होतो, बुलडोझर आहे. आणि अंगावर छोट्या छोट्या फुलांसारखं काही दिसलं तर तो फ्लॉवर अर्चिन, विषारी, हात लावू नका, कितीही स्वस्त देत असला तरी.

आईने पहिला बघितल्यावर "हे साळिंदर कशाला आणलंस" एवढंच विचारलं होतं. पाच दिवसांनी काहीच विचारलं नाही, ते जास्त लागलं.

टँकमधल्या वस्तू चिकटवा. टक्सीडोला काहीतरी डोक्यावर घेऊन फिरायची सवय असते, शंख, दगडाचा तुकडा, आणि तुमचा नुकताच लावलेला महागडा फ्रॅग (कोरलचा छोटा तुकडा). सकाळी तो फ्रॅग टँकच्या दुसऱ्या टोकाला उलटा सापडतो. जेलवाला सुपरग्लू किंवा रीफचं एपॉक्सी, काय वापरायचं ते वापरा. दगडांची रचना हाताने ढकलून बघा, हलली तर परत रचा. वेव्हमेकरला जाळी किंवा फोमचं कव्हर लावा. वायरी: काही अर्चिन वायरीवरचं शेवाळ खाता खाता वायरही कुरतडतात, म्हणून शक्य तेवढ्या वायरी पाण्याबाहेरून न्या आणि लाइनवर तीस मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) आहे ना ते बघा. हे अर्चिनसाठी नाही, तुमच्यासाठी. आणि दगडांचं बोलतोय म्हणून एक, समुद्रावरनं कोरलचा दगड उचलून आणायची हौस करू नका, रीफ बांधणारी कोरल वन्यजीव कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत आहेत.

कॉपर, म्हणजे तांबं. टँकमध्ये कधीही माशांच्या व्हाइट स्पॉट रोगासाठी कॉपरचं औषध टाकलं असेल, दोन वर्षांपूर्वी का असेना, तर आधी टेस्ट करा. दगड आणि वाळू कॉपर धरून ठेवतात. अर्चिन, श्रिंप, गोगलगाय, कोणालाच ते चालत नाही. सेकंडहँड टँक घेतला असेल तर आधीच्या मालकाला विचारा आणि त्याने नाही म्हटलं तरी टेस्ट करा.

आता पॅरामीटर. तापमान 24 ते 27, कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम, अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएच, मॅग्नेशियम 1300 पीपीएमच्या आसपास, नायट्रेट जितकं कमी तितकं बरं. कवच आणि काटे कॅल्शियमचेच आहेत म्हणून ते आकडे महत्त्वाचे, पण ज्याच्याकडे कोरल जगतायत त्याचे हे आकडे ठीकच असतात. सॅलिनिटी 35 पीपीटी (हजारात 35 भाग मीठ) म्हणजे साध्या पाण्याच्या 1.026 पट जड, आणि ती हलता कामा नये. उन्हाळ्यात चिलर नसतो म्हणून आपण टँकवर पंखे लावतो, पंख्याने पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागे राहतं, मे महिन्यात दोन दिवस टॉप-अप (उडालेल्या पाण्याची भर घालणं) विसरलात की आकडा वर. ऑटो टॉप-अप बसवा. निदान एका खुणेपर्यंत रोज हाताने आरओचं पाणी घाला, खाऱ्या पाण्याने टॉप-अप करू नका, असे महाभागही बघितलेत.

आणि रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे सॅलिनिटी मोजायचा मीटर. तो खरा सांगतोय का? मी वर्षभर फक्त आरओच्या पाण्याने शून्यावर आणत होतो आणि खूश होतो. स्वस्तातले रिफ्रॅक्टोमीटर बरेचदा साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेले असतात, शून्यावर बरोबर आणि 35 ला चुकीचे. 35 पीपीटीचं कॅलिब्रेशन लिक्विड मिळतं, ते घ्या, त्यानेच सेट करा. काट्यावाला प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर असेल तर एक बुडबुडा चिकटला की तो काहीही सांगतो. नीट मीटर लागतोच, कारण त्यानेच तुम्हाला पिशवीतलं पाणी मोजायचंय.

तर पिशवीतलं पाणी. काय झालं ते सांगतो. क्लाउनफिश आणले तेव्हा जे केलं तेच केलं, पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवली, तापमान जुळलं, दोन मग टँकचं पाणी पिशवीत घातलं, दहा मिनिटं थांबलो आणि सोडला. मासे असेच सोडले होते, सगळे जिवंत आहेत. पहिल्या दिवशी तो काचेवर चढला, व्हिडिओ काढला, चार जणांना पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूत तीन-चार काटे. मला वाटलं दगडात अडकून तुटले असतील. तिसऱ्या दिवशी डोक्यावर टक्कल. तेव्हा डोक्यात आलं की दुकानातलं जास्तीचं पाणी दुसऱ्या पिशवीत गाठ मारलेलं अजून बाल्कनीत पडलंय. मोजलं. 1.019. माझा टँक 1.026. टँकमधली एकूण एक टेस्ट मी त्या तीन दिवसांत दोनदा केली होती आणि जे मोजायला अर्धं मिनिट लागलं असतं ते पाणी बाल्कनीत पडून होतं.

दुकानदाराने फसवलं असं नाही. बरीच दुकानं सॅलिनिटी कमीच ठेवतात, मीठ वाचतं, माशांचे परजीवीही कमी होतात असं मानतात, आणि माशांना ते झेपतं कारण माशाला किडनी आहे, गिल्स आहेत, तो आतलं मीठ सांभाळू शकतो. अर्चिनला यातलं काही जमत नाही. अर्चिन म्हणजे काट्यांच्या डबीत भरलेलं समुद्राचं पाणी. त्याचे पाय पाण्याच्या दाबावर चालतात, ते पाणी बाहेरचंच असतं, आत आणि बाहेर मीठ सारखं असावं लागतं, आणि बाहेरचं अचानक बदललं की त्याच्याकडे काही उपायच नाही. म्हणून मासे जगले हा पुरावा धरू नका. मी धरला होता.

तेव्हा शनिवारी असं करणार आहे. मीटर दुकानातच घेऊन जायचा. लाज वाटली तरी. ज्या टँकमधून अर्चिन काढणार त्याचंच पाणी मोजायचं, शेजारच्या टँकचं नाही, आणि त्याच पाण्यात श्रिंप किंवा गोगलगाय जिवंत फिरतायत का ते बघायचं, म्हणजे तिथे कॉपर नाही हेही कळतं. अर्चिन काचेला घट्ट धरून पाहिजे, काटे हलते पाहिजेत, टक्कल कुठेही नको, तळाला काटे पडलेले असतील तर तसंच परत यायचं. काचेवरून ओढून काढत असतील तर थांबवा, पायांच्या नळ्या तुटतात, तो चालायला लागला की प्लॅस्टिकच्या कार्डाने हळूच सोडवता येतो. पाण्याबाहेर काढायचा नाही, डब्यात घेऊनच पिशवीत. मग पिशवी थर्माकोलच्या खोक्यात, आणि गाडीत एसी त्याच्यावर मारायचा नाही.

घरी आलं की परत मोजायचं. हो, दुकानात मोजलं तरी परत, पिशवीतलं, कारण भरताना कुठल्या बादलीतलं पाणी घातलं तुम्हाला माहीत नाही.

मग ड्रिप, म्हणजे टँकचं पाणी थेंबथेंब मिसळणं. अर्चिन आणि पिशवीतलं पाणी स्वच्छ बादलीत, साबणाची बादली नको, एअरलाइनची (हवेच्या पंपाची बारीक) नळी टँकमधून बादलीत, नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब. पाणी दुप्पट झालं की अर्धं फेकायचं आणि परत. हिशोब साधा आहे: पिशवी 1.020 आणि टँक 1.026 असेल तर पहिल्या दुपटीला 1.023, दुसऱ्या वेळी 1.0245, तिसऱ्या वेळी 1.025 च्या थोडं वर. म्हणजे फरक जास्त असेल तर एका दुपटीने काही होत नाही, माझ्या त्या दोन मगांनी तर काहीच झालं नसणार. दोन-तीन तास जातील, जाऊ द्या, सिनेमा बघा. बादलीत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा. मध्येमध्ये बादलीचं पाणी मोजा, टँकइतकं झालं की बस, घड्याळ बघून नाही, मीटर बघून. फरक 1.026 आणि 1.025 एवढाच असेल तर तासाभरात होतं. आणि पार्सलने मागवलेला असेल, रात्रभर पिशवीत राहिलेला, तर त्या पाण्यात अमोनिया साठलेला असतो आणि पिशवी उघडली की तो जास्त विषारी होतो, त्यामुळे त्याला तीन तास त्याच पाण्यात ठेवणंही बरं नाही. म्हणून पार्सल नको. माझं मत. मागवणारच असाल तर पाठवणाऱ्याला आधी फोन करून त्याची सॅलिनिटी विचारा आणि एका छोट्या टबात तेवढ्याच सॅलिनिटीचं पाणी तयार ठेवा, आल्याआल्या त्यात टाका, मग तिथून हळूहळू वर आणा. म्हणजे परत तेच, आकडा माहीत पाहिजे.

बादलीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. लाइट बंद, अर्चिन दगडावर तोंड खाली करून ठेवायचा, काचेवर नाही, आणि रात्रभर त्याला एकटं सोडायचं.

खाणं: शेवाळ महिना-दोन महिन्यांत संपतं आणि लोक तिथेच विसरतात. सुशीवाली नोरी, मीठ-मसाला नसलेली, छोटा तुकडा दगडाला रबरबँडने, आठवड्यातनं दोन-तीनदा. उरलेली दुसऱ्या दिवशी काढा.

ट्रिगर, पफर जातीचे मासे असतील तर अर्चिन आणूच नका, खातात.

पहिला आठवडा रोज वाळूत काटे शोधा. एखाद-दुसरा पडला तर ठीक, रोज पडायला लागले तर सॅलिनिटी, मग कॉपर, मग नायट्रेट, या क्रमाने बघा. अचानक पांढरा धूर सोडला तर तो मेला असं नाही, अंडी किंवा शुक्राणू सोडतोय, कार्बन (पाणी गाळणारा कोळसा) लावा, स्किमर चालू, पाणी बदला. हलत नाही आणि वास येतोय म्हणजे गेला, लगेच काढा, छोट्या टँकमध्ये अमोनियाने बाकीचेही जातील. डायडेमाचा काटा बोटात गेला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात बोट बुडवा, चटका बसेल असं नाही, आणि सांध्याजवळ असेल तर डॉक्टर.

मीटर आत्ताच गाडीत ठेवलाय. कॅलिब्रेशनचं लिक्विड पण. आज गुरुवार आहे.