हवा खराब असताना नाडी कशी पाहावी आणि फिरायला केव्हा जावे

डिसेंबर-जानेवारीत ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील गच्चीतून येऊरचा डोंगर धूसर दिसू लागला, की ज्यांच्या हृदयाची लय पूर्वी कधी बिघडली आहे त्यांनी पहाटेच्या फेरीचा हट्ट सोडावा. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन साचते आणि वाहनांचा धूर व बांधकामांची धूळ तिच्यातच कोंडून राहते. ऊन तापून खाडीवरून वारा सुटला म्हणजे ती बरीचशी पांगते. पहाटेची हवा शुद्ध असते, हा आपला जुना समज या दोन महिन्यांपुरता बाजूला ठेवावा.

धुरातील २.५ मायक्रॉनहून बारीक कण फुफ्फुसांत खोलवर जातात, तेथील चेतातंतूंना डिवचतात आणि दाह निर्माण करतात. निरोगी हृदयात दोन ठोक्यांमधील अंतर श्वासागणिक किंचित बदलत असते. प्रदूषित हवेत काही तासांतच ही लवचीकता कमी होते आणि आधीच दुखावलेल्या हृदयात अनियमित ठोके पडण्याची शक्यता वाढते.

नाडी पाहण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. तर्जनी व मधले बोट मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवावे. अंगठ्याने नाडी पाहू नये, कारण त्याची स्वतःचीच धडधड जाणवते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय येथे उपयोगाची नाही, कारण चुकलेला ठोका नेमका उरलेल्या पंचेचाळीस सेकंदांत असू शकतो. त्यामुळे पूर्ण मिनिट मोजावे. ऑक्सिमीटरवर ९८ दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये, तो आकडा ऑक्सिजनचा आहे, लयीचा नव्हे.

वहीत वेळ, ठोके, चुकलेले ठोके आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवरील हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) लिहावा. धूलिकणांसाठी हा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढला जातो, त्यामुळे समोरच्या चौकात आत्ता साचलेला धूर त्यात पूर्ण उमटत नाही. निर्देशांक २००च्या वर असेल, तर चालणे घरातच उरकावे. एन-९५ मास्क कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. म्हणून मास्क लावूनही तीन हात नाक्यासारख्या गर्दीच्या सिग्नलपाशी रेंगाळू नये.

ठोके वारंवार चुकत असतील, तर दोन आठवड्यांची वही डॉक्टरांना दाखवावी. एका ईसीजीत न सापडणारी गडबड २४ तासांच्या होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावून ठोके सतत नोंदवणाऱ्या लहान यंत्रात, सापडू शकते. औषधाची मात्रा मात्र स्वतःहून बदलू नये. छातीत दुखले, भोवळ आली किंवा धाप थांबेना, तर वही तशीच ठेवून १०८ला फोन करावा.