आधी खुराडं, मग कोंबड्या (आणि जूनमध्ये तर नकोच)

आम्ही सगळं उलटं केलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात वाडीत टेम्पोवाला पिल्लं विकायला आला, पोरं मागे लागली, नवऱ्याने तीस पिल्लं घेतली आणि मग संध्याकाळी घरात चर्चा की आता ही ठेवायची कुठे! खोक्यात ठेवली, त्यात पाऊस लागला, चार दिवस लाईट नाही, आणि गणपतीपर्यंत त्यातली अकरा उरली. सासूबाई तेव्हा एकच बोलल्या, पावसात कोण पिल्लं आणतं गो? खरंच कोणी आणत नाही. म्हणून ज्यांना घरापुरत्या कोंबड्या पाळायच्यात त्यांनी पावसाळाभर फक्त खुराडं बांधायचं आणि पक्षी आणायचे दिवाळीच्या आसपास, जमीन वाळली की.

खुराड्यात कंजूषी करू नका. आठ-दहा कोंबड्यांना रात्रीपुरतं पाच बाय चार फूट भरपूर झालं, दिवसा त्या परसातच असतात. जमिनीपासून दोन फूट उंच, खाली चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) पाय, वर पत्रा, आणि पत्रा चांगला बाहेर काढलेला पाहिजे म्हणजे पागोळ्या भिंतीवर येत नाहीत. आपल्याकडे कोकणात झड नैऋत्येकडून येते, ती बाजू बंदच ठेवा किंवा पावसाळ्यात झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधा, पण समोरची बाजू जाळीची हवी, नाहीतर आत कोंदट होऊन वास मारतो आणि कोंबड्यांना सर्दी धरते. आत बसायला दांडा, कोपऱ्यात अंड्यांसाठी पेंढा घातलेली एक-दोन खोकी. तळाला भाताची तूस दोन-तीन इंच घाला, दोन दिवसांनी हलवा, ओली झाली की काढून माडाच्या आळ्यात टाका. ओल्या तुसात रक्ती हगवण वाढते, आमची पिल्लं बहुतेक त्यानेच गेली.

जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या. ती स्वस्तवाली षटकोनी जाळी कोंबड्या आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही 😅 आमच्याकडे मुंगूस चिऱ्यांच्या फटीतून आत गेलं, एक खाल्ली आणि चार नुसत्या मारून टाकल्या. रात्री कांडेचोर (उदमांजर), रानमांजर असतातच, अंड्यांच्या वासाने नाग पण येतो, म्हणून अंडी संध्याकाळच्या आत उचलायची. दिवसा पिल्लांवर घार. त्यावर उपाय म्हणजे मासेमारीचं जुनं फाटकं जाळं परसात वरून ताणून बांधायचं, बंदरावर कोणाकडेही मिळेल. फक्त खाली लोंबू देऊ नका, पाय अडकतात.

आता कुठल्या कोंबड्या? गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशीच अंडी देते पण खुडूक बसते (म्हणजे अंडी उबवायला बसते), पिल्लं स्वतः वाढवते, घार आली की ओरडून सगळ्यांना झुडपात घालते. वनराज (हैदराबादच्या संशोधन संस्थेची), गिरिराज (बंगलोरची) या सुधारित जाती वजनाला चांगल्या आणि अंडीही जास्त, पण सहसा खुडूक बसत नाहीत, आणि अंगाने जड त्यामुळे पळायला मंद. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी एक दिवसाची पिल्लं घेऊच नका. शेजारपाजारून तीन-चार गावठी तलंगा (अंड्यावर यायला आलेल्या तरण्या कोंबड्या) आणि एक कोंबडा घ्या, बस. एका कोंबड्याला आठ-दहा कोंबड्या चालतात. नवीन आणल्यावर चार-पाच दिवस खुराड्यातच ठेवा, मग सोडा, नाहीतर संध्याकाळी जुन्या मालकाकडे परत!

तरीपण पिल्लंच आणायची असतील तर पहिला आठवडा पस्तीस डिग्री ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण तीन डिग्री कमी. थर्मामीटर नसला तरी चालतं. पिल्लं बल्बखाली गठ्ठा करून बसली तर थंडी आहे, लांब पळून चोच उघडून बसली तर बल्ब वर घ्या. लाईट गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची, हे मला आधी सुचलं असतं तर... असो. पाण्याच्या ताटलीत गोटे टाका, पिल्लं बुडतात.

खायला पहिले दोन महिने तयार खाद्य, मग कण्या, कोंडा, उरलंसुरलं आणि बाकी त्या स्वतः शोधतात, वाळवी तर चट्टामट्टा करतात. अंड्यावर आलेल्या कोंबडीला चुना लागतो, तर तिसऱ्यांची, कालवांची शिंपलं फेकू नका, धुवून वाळवून बत्त्याने कुटा आणि एका करवंटीत वेगळी ठेवा, लागेल तेवढं ती खाते. खारवलेली सुकी मासळी मात्र नको, एवढं मीठ त्यांना सोसत नाही. बुरशी आलेलं खाद्यही नको, पावसात पोतं जमिनीवर ठेवलं की बुरशी धरतेच.

लसीकरण टाळू नका. मानमोडी (राणीखेत रोग) आली की दोन-तीन दिवसांत अख्ख्या वाडीतली खुराडी रिकामी होतात आणि तिला औषध नाही, लसच. लासोटा (मानमोडीचीच पहिली लस) पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून, गंबोरो रोगाची लस पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की, देवीची लस सहा ते आठ आठवड्यांत, आणि आठ आठवड्यांनंतर मानमोडीची इंजेक्शनवाली. अडचण अशी की बाटली येते निदान शंभर डोसची, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची असते. म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवा, एकाने पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून बर्फाच्या थर्मासमधून आणायची आणि संध्याकाळी घरोघर फिरायचं.

खुडूक बसवणं हा सगळ्यात मजेचा भाग. कोंबडी खोक्यातून उठेना, हात लावला की पिसं फुलवून गुरगुरायला लागली की समजा. रात्री अंधारात दहा-बारा ताजी अंडी तिच्याखाली सरकवायची, वनराजची मिळाली तर तीही चालतात, तिला काय फरक पडत नाही. सासूबाई सोबत एक लोखंडाचा तुकडा ठेवतात, ढग गडगडले तर अंडी नासू नयेत म्हणून, मी वाद घालत नाही. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरा, आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जिवंत, नुसतंच पिवळट स्वच्छ दिसलं तर काढून टाका. पोरं यासाठी जागी राहतात. एकविसाव्या दिवशी टकटक.

कामं वाटून द्या. आमच्याकडे थोरली सकाळी दार उघडते आणि पाणी बदलते, धाकटा संध्याकाळी कण्यांचा डबा खुळखुळवून मोजणी करतो, दार लावायचं काम मोठ्या माणसाचंच. हात साबणाने धुवायचे, आणि पिल्लांच्या पाप्या घ्यायच्या नाहीत, हे रोज सांगावं लागतं.

अजून एक, जास्तीच्या कोंबड्यांचं काय करायचं ते पोरांनी नावं ठेवायच्या आधी ठरवा. आम्ही एक कोंबडा राखणीसाठी (राखणदार देवाला द्यायला) म्हणून ठेवला होता, धाकट्याने त्याचं नाव शेठ ठेवलं. तीन वर्षं झाली, शेठ अंगणातच आहे आणि राखणीचा कोंबडा आम्ही दरवर्षी खालच्या वाडीतून विकत आणतो.